समोरचा पाट

“ती लुसिया कोण गं?” खुंट्यावरचा हात न काढता आईने विचारलं.

नलिनीताई गुडघ्यांवर हात टेकून तिच्यासमोर वाकल्या होत्या. आम्ही तालमी करायचो त्या शाळेच्या हॉलमध्ये मावळतीचं ऊन खिडकीच्या गजांतून आत आलं होतं आणि जात्याच्या दगडावर पट्ट्यापट्ट्यांनी पडलं होतं.

“नाटकातली धाकटी मुलगी हो. घर सोडून शहरात जाते ती. शेवटी तुम्ही तिचं नाव घेऊन ओवी म्हणायची. नाव आलं की दिवा मंद होत जाणार. ते तिकडे पोतदार बसलेत ना दिव्यांजवळ? ते तुमच्या तोंडून नाव यायची वाट बघणार.”

“म्या तिला बघितल्याली न्हाई.”

“अहो, ती खरी नाहीच. नाटकातली आहे.”

“मग तर झालंच. जिला बघितलं न्हाई तिचं नाव जात्यावर कसं यील? वडून आणल्यावानी हुतंय. पीठ बी जाडंभरडं पडतंय मग.”

पोतदार मोठ्याने हसले. नलिनीताईंनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे तुझ्या आईला तूच समजाव. मी समजावणार तेवढ्यात केतकी पुढे झाली. जात्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, “मावशी, लुसिया म्हणजे मीच. माझं नाव घ्या ना. केतकी.”

आईने तिला नीट न्याहाळलं. कपाळापासून पायाच्या बोटांपर्यंत. बाजारात मेथीची जुडी उलटी करून मुळं बघते तशी.

“तुझी आई कुठं असती?”

“मस्कतला. बाबांची नोकरी तिकडे आहे. मी इथे होस्टेलला राहते.”

“त्ये कुठं आलं?”

“समुद्राच्या पलीकडे.”

जात्याच्या तोंडात आईने मूठभर जोंधळा सोडला, खुंटा ओढला. दगडाने सुरुवातीला कुरकुर केली, मग त्याचा आवाज गोल झाला, आणि त्या गोल आवाजातून ओवी निघाली.

*लांबच्या वाटंला गं, उन्हाळ्याची झळ*
*माझ्या केतकीच्या डोईवर, ढगा घटकाभर खळ*

केतकीचे डोळे भरून आले. नलिनीताईंनी चष्मा काढला. पोतदार म्हणाले, “झालं! नाव आलं की दिवा गेला. पक्कं.”

मी कोपऱ्यात रताळं सोलत बसले होते. सोलता सोलता सुरी साल सोडून गराच्या किती आत शिरली ते मला कळलं नाही. हातात बोटाएवढंच रताळं उरलं.

*

नाटक ब्राझीलचं होतं. तिकडच्या एका बाईंनी नुकतंच लिहिलेलं. नलिनीताईंच्या भाचीने त्याचं इंग्रजी भाषांतर पाठवलं आणि ताईंनी ते मराठीत आणलं. नाव ठेवलं ‘पिठाचं घर’. पाऊस विसरलेल्या मुलखातल्या एका घरातल्या तीन बायका. म्हातारी झेफा, थोरली डाल्वा, धाकटी लुसिया. घरात पुरुष नाही. जे होते ते निघून गेलेले, एकाची टोपी तेवढी भिंतीवर लटकलेली. तिघी दिवसभर कंद सोलतात, किसतात, त्याचं पीठ भाजतात आणि त्यावर जगतात. आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो, तोच तो कंद. हे कळल्यावर आई म्हणाली होती, “म्हंजी तिकडं बारमाही एकादशी म्हणायची.” आमच्या सांगलीत तो कंद मिळेना. म्हणून आम्ही रताळी सोलायचो, आणि तालीम संपली की तीच उकडून खायचो.

लुसिया दुसऱ्या अंकात शहराच्या बसमध्ये बसून निघून जाते. पुढचं सगळं नाटक झेफा तिच्याच आठवणी काढते. डाल्वा आईला आंघोळ घालते, तिच्या पायांना तेल चोळते, आणि आई म्हणते, लुसियाचे हात किती मऊ होते. शेवटी झेफा दोरांनी टांगलेल्या मोठ्या झोळीत झोपलेली असते, डाल्वा एकटी कंद सोलत असते, लांबून बायकांचं गाणं येतं आणि दिवा विझतो.

“डाल्वा जागची हलत नाही,” नलिनीताई पुन्हा पुन्हा सांगायच्या. “हे न हलणाऱ्या बाईचं नाटक आहे.”

झेफा त्या स्वतः करत. केतकी लुसिया. आणि डाल्वा मी.

तिकडच्या बायका कंद सोलताना एकसुरात गातात. ताईंनी ते कुठूनतरी मिळवून ऐकलं आणि म्हणाल्या, हे तर आपलं जातं. तेव्हा, माझ्या आईला ओव्या येतात, हे मीच बोलून बसले. कौतुकाने बोलले. मला वाटलं, आई येईल, दोन ओव्या शिकवेल, सगळे म्हणतील, वैजूची आई बघा. आई आली, पण ओव्या कुणालाच जमेनात. केतकीचा गळा सिनेमाचा, ताईंचा सुभाषितांचा. मग ठरलं, आईनेच विंगेत जातं मांडून बसायचं आणि दळत दळत गायचं.

त्या जात्याबद्दल सांगायला हवं. वडील गेल्यावर आम्ही तासगावच्या पुढचं गाव सोडून सांगलीला आलो, हळद पेठेत एका गोदामामागच्या खोलीत. मी तिथल्याच एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कामाला लागले. टेम्पोत जागा कमी होती. आईने कपाट मागे ठेवलं, पलंग मागे ठेवला, जातं घेतलं. शहरात गिरणी होती, तरी भाजणी, मेतकूट, सणाच्या लाडवांचं बेसन असलं काही ती घरीच दळायची. आणि माझ्या आठवणीत कायम मी तिच्यासमोरच्या पाटावर बसलेली. खुंट्यावर वर तिचा हात, खाली माझा. मी इतकी लहान होते की खुंटा माझ्याकडे आला की छातीला लागायचा आणि तिच्याकडे गेला की मी निम्मी उठून ओढली जायचे. दळणाची ती ओढ मला बोलता येण्याआधी ठाऊक झाली असेल.

आई ओवीत नावं घ्यायची. पलटणीत गेलेल्या आनंदामामाचं. माझी थोरली बहीण विमल लग्न होऊन अथणीला गेली आणि दुसऱ्याच सकाळी तिचं नाव जात्यावर आलं.

*पीठ पडं भुरुभुरु, जसा चाळला चांदवा*
*माझ्या विमलच्या गावाला, वाऱ्या नेशील का सांगावा*

शेजारच्या हिराबाईच्या सुनेचं नाव यायचं. एवढंच काय, वडिलांनी बाजारात विकलेल्या चंद्री म्हशीचंसुद्धा नाव तिच्या ओवीत आलेलं मी या कानांनी ऐकलं आहे.

माझं कधी आलं नाही.

मी वाट बघायचे. प्रत्येक ओवीच्या दुसऱ्या ओळीत ‘माझ्या’ म्हटल्यावर तिचा श्वास थोडा थांबतो, तिथे मीही श्वास धरायचे. मग कुणाचंतरी नाव यायचं. मी श्वास सोडायचे आणि जात्याच्या तोंडात मूठभर दाण्यांचा घास घालायचे. मागून घ्यायची गोष्ट नव्हती ती. मागून घेतलेल्या नावाचं काय करायचं?

आणि ही केतकी. कालची पोर. तिने मांडी घातली, मागितलं, मिळालं.

*

त्यानंतर रोजच ते सुरू झालं. तालमीला आईला घेऊन मी यायचे, पण हॉलमध्ये शिरलं की आई केतकीची व्हायची. “मावशी, आज काय आणलं?” म्हणत ती आईच्या पिशवीत हात घालायची. आईच्या पिशवीत! मी त्या पिशवीत विचारल्याशिवाय कधी हात घातला नव्हता. आई तिच्यासाठी दशमी आणायची. भाकरीचा वरचा खरपूस पापुद्रा ती माझ्यासाठी काढून ठेवायची, तोही एक दिवस केतकीच्या तोंडात दिसला.

“वैजूताई, मावशींच्या हातची भाकरी म्हणजे ना, आई शप्पथ!”

“ठाऊक आहे मला,” मी म्हणाले.

“तुम्ही किती लकी आहात. रोज मिळते.”

“हो ना.”

एकदा मी पेढीवरून उशिरा पोचले, अंगावर हळदीचा वास तसाच. बघते तर आई केतकीच्या केसांना तेल लावून घट्ट वेणी घालत होती. केतकी डोळे मिटून ‘आई गं, आई गं’ करत होती. मला बघून आई म्हणाली, “ह्या पोरीच्या डोक्याला तेलाचा थेंब न्हाई बघ. निस्ता कोंडा.” जणू मी त्या कोंड्याची चौकशी करायलाच आले होते.

सगळ्यात वाईट गोष्ट पाटाची. शेवटच्या प्रवेशात मी रंगमंचावर असायचे आणि केतकीला काम नसायचं, लुसिया निघून गेलेली. तेव्हा ती विंगेत जाऊन आईसमोरच्या पाटावर बसायची आणि खुंट्याला हात लावायची. मी उजेडात रताळं सोलत बसलेली, आणि डोळ्यांच्या कडेला ते दोन हात एका खुंट्यावर. वर आईचा, खाली तिचा. गोल गोल. तिला नीट फिरवताही येत नव्हतं. मध्येच खुंटा अडायचा, दोघी हसायच्या, आणि मग ओवी. ढगा घटकाभर खळ, थांब जरा. ‘केतकी’ म्हणताच पोतदार दिवा उतरवायचे. अंधारात माझं तोंड कसं होत होतं ते कुणाला दिसत नव्हतं, एवढंच बरं.

नलिनीताईंना मात्र काहीतरी दिसायचं.

“वैजू, तू चिडतेस. डाल्वा चिडत नाही.”

“मग काय करते?”

“जळते. चिडणं बाहेर येतं, माणूस भांडी आपटतो. जळणं आत असतं. तव्याखालचा विस्तव दिसतो का? पण भाकरी फुगते ना?”

“बघते,” मी म्हणाले.

“आणि एक,” ताई हळू आवाजात म्हणाल्या, “पुण्याच्या नाटकवाल्यांचा परत फोन आला होता. त्यांना गावोगाव प्रयोग करायला बाई हवी आहे, राहायची सोय करतात. तू अजून उत्तर दिलं नाहीस.”

“आईला एकटीला टाकून कशी जाऊ?”

“तिला विचारलंस?”

विचारलं नव्हतं. माझ्या मनाने ‘नाही’ हे उत्तर आधीच ठरवलं होतं. आईला मी हवी आहे, मी गेले तर तिचं कसं होईल, या विचाराची मला ऊब वाटायची. खरं सांगायचं तर पुण्याच्या नाटकांपेक्षा ती ऊब मला जास्त आवडायची.

*

प्रयोगाच्या दोन-तीन दिवस आधीची गोष्ट. रविवार होता. आईने सकाळीच डाळ भाजून ठेवली होती. जातं हॉलवर गेलेलं, त्यामुळे खोलीत त्याच्या जागी फरशीवर एक गोल पांढरट डाग तेवढा उरला होता. आई सुपात डाळ निवडत होती.

“ही डाळ कुणासाठी?” मी विचारलं.

“केतकीला बेसनाची वडी खायाची हाय म्हनं. तालमीच्या टायमाला तितंच दळीन.”

“मला गूळ घातलेली आवडते. तिला कुठली?”

“तिला साखरंची.”

“म्हणजे साखरेची करणार.”

आईने मान वर केली. “काय झालंय तुला? तोंड का असं, कडू जहर खाल्ल्यावानी?”

“काही नाही.”

“न्हाई कसं? महिनाभर बघतीया. त्या पोरीशी धड बोलत न्हाईस.”

“तू बोलतेस ना तिच्याशी. पुरे झालं की.”

“अगं, लांब हाय तिची आई.”

“म्हणून तिचं नाव घ्यायचं? आई, तू चंद्री म्हशीचं नाव घेतलंस. हिराबाईच्या सुनेचं घेतलंस. कालच्या पोरीचं पहिल्या दिवशी घेतलंस. माझं नाव कधी घेतलंस?”

आईचा हात सुपात थांबला. मग ती हसली. तिला खरोखरच हसू आलं होतं आणि तेच मला सहन झालं नाही.

“तुझं? तुझं कशाला घीन मी? तू समुर बसल्याली असतीस की!”

“म्हणजे?”

“म्हंजी काय म्हंजी? बसल्याली असतीस. खुंटा वडत असतीस. तुला काय सांगावा धाडायचा?” आणि तिने एक खडा उचलून बाजूला टाकला. “उगं येड्यावानी करू नगंस. त्यो डबा दे हिकडं.”

मी डबा दिला. पायांत चपला सरकवल्या आणि चालत नलिनीताईंकडे गेले. रस्ताभर माझ्या डोक्यात एकच. समुर बसल्याली असतीस. म्हणजे मी खुंट्यासारखी. पाटासारखी. असते. असणारच. जे असणारच त्याचं नाव कोण घेतं?

ताईंनी दार उघडलं. मी आत न शिरताच म्हणाले, “पुण्याला फोन लावा. मी येते म्हणावं.”

“आईशी बोललीस?”

“बोलेन प्रयोग झाल्यावर.”

ताईंनी फोन लावला. प्रयोगानंतरच्या सोमवारपासून यायचं ठरलं. फोनवर मी हसून बोलले. परत येताना पेठेतून आले, हळदीच्या राशींवर दुपारचं ऊन पडलेलं, सगळं पिवळं पिवळं. मला वाटत होतं, आता कळेल हिला. पाट रिकामा झाला की कळेल.

*

प्रयोगाला नाट्यगृह भरलं होतं. पहिले दोन अंक छान गेले. लुसिया निघून गेली तेव्हा मागच्या रांगेतल्या बायका नाक ओढत होत्या. मध्यंतरात मी रंगपटात आरशासमोर केस विस्कटून घेत होते, डाल्वा आता थकलेली दिसायला हवी होती. केतकी मागे येऊन उभी राहिली.

“वैजूताई, तुम्ही अजिबात काळजी करू नका हं.”

“कसली?”

“मावशींची. मी त्यांना आत्ताच सांगितलं, वैजूताई पुण्याला गेल्या तरी मी येत जाईन तुमच्याकडे, दर रविवारी. पक्कं.”

कंगवा माझ्या केसांतच राहिला. “तू काय सांगितलंस?”

“नलिनीताई फोनवर बोलत होत्या ना, मी ऐकलं. मला वाटलं मावशींना माहीतच...” तिचा चेहरा उतरला. “त्यांना माहीत नव्हतं?”

“काय म्हणाली ती?”

“काहीच नाही. जात्यावरचं पीठ कुंच्यानं झाडत होत्या. म्हणाल्या, बरं झालं. आणि मग म्हणाल्या, आज तू हितं बसू नगंस. पाट रिकामा ऱ्हाऊ दे.”

तिसरी घंटा झाली.

मी रंगमंचावर गेले तेव्हा विंगेतून जाताना आईच्या बाजूला बघितलं. ती पदर खोचून बसली होती. समोर पाट, पाटावर कुणी नाही. तिने वर बघितलं नाही.

तिसऱ्या अंकात मी काय बोलले, कसं बोलले, मला आठवत नाही. ताईंच्या पायांना तेल चोळलं. “लुसियाचे हात किती मऊ होते,” ताई म्हणाल्या, आणि मी नेहमीसारखी बाटली आपटली नाही. हळूच झाकण लावलं. ताई झोळीत झोपल्या. मी चौरंगाशी बसले, रताळं घेतलं, सुरी घेतली. प्रेक्षागृह अंधारात श्वास घेत होतं. विंगेतून जात्याची घरघर सुरू झाली. आवाज नेहमीपेक्षा जड होता. एकटीच ओढत होती ना.

आधी आनंदामामाची ओवी आली. मग विमलची. हे ठरल्याप्रमाणे. आता केतकीची येणार, नाव येणार, दिवा जाणार. दोन ओळींचं काम उरलं होतं.

*खुंटा धरिते एकली, समुर रिकामा पाट*

ही ओळ मी कधी ऐकली नव्हती. माझा हात थांबला.

*माझ्या*

तिचा श्वास थांबला. तिथे माझाही थांबला, लहानपणापासूनच्या सवयीने.

*माझ्या वैजूच्या पायाला, मऊ लागू दे वाट*

नाव आलं. इतकी वर्षं वाट बघितली ते आलं. प्रेक्षागृहात कुणालाच काही कळलं नाही, त्यांच्यासाठी ती लांबून येणारी एक ओवी. पण पोतदारांना केतकीचं नाव हवं होतं. ते आलं नाही, म्हणून दिवा उतरेना. मी भर उजेडात बसले होते, हातात अर्धं सोललेलं रताळं, आणि माझ्या तोंडावर जे काही होत होतं ते पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना दिसत होतं.

जातं फिरत राहिलं. तिने परत तीच ओवी धरली. परत तोच श्वास, परत माझं नाव. तिसऱ्यांदा तिने ते म्हटलं तेव्हा तिचा आवाज विमलच्या ओवीसारखा झाला होता. अथणीसारखा लांबचा. चंद्रीला बाजारात नेल्यावर सकाळी गोठ्याकडे पाठ करून ती गायली होती तसा. मी तिच्यापासून चार पावलांवर होते आणि ती मला लांब गेलेल्यांत मोजत होती.

नको. नको हे नाव. परत घे.

झोळीतून ताई ओठ न हलवता पुटपुटल्या, “वैजू, बसून राहा. येईल नाव.”

मी सुरी खाली ठेवली. पदराने हात पुसले. डाल्वा हलत नाही, हे न हलणाऱ्या बाईचं नाटक आहे, सगळं मला माहीत होतं. मी उठले. चौरंगाला वळसा घातला, भिंतीवरच्या टोपीखालून गेले आणि सरळ विंगेत शिरले. मागे रंगमंचावर झोळी, चौरंग, सालींचा ढीग आणि लख्ख उजेड.

आई डोळे मिटून गात होती. गालावर पीठ चिकटलं होतं, त्यातून ओले ओघळ. मी समोरच्या पाटावर बसले. खुंट्यावर तिच्या हाताखाली माझा हात ठेवला.

जातं हलकं झालं. ते तिला डोळे न उघडताच कळलं असणार. *माझ्या* म्हणून ती थांबली. तोंडात आलेलं नाव तिने गिळलं. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, आणि दुसऱ्याच दमात जुनी ओवी लागली.

*लांबच्या वाटंला गं, उन्हाळ्याची झळ*
*माझ्या केतकीच्या डोईवर, ढगा घटकाभर खळ*

केतकीचं नाव मला इतकं गोड कधी लागलं नव्हतं. पलीकडे पोतदारांनी हुश्श केलं असेल. रिकाम्या रंगमंचावरचा दिवा हळूहळू उतरत गेला. झोळी दिसेनाशी झाली, टोपी दिसेनाशी झाली. अंधार झाला आणि त्या अंधारात टाळ्या सुरू झाल्या.

धडपडत ताई विंगेत आल्या. “डाल्वा गेली कुठे? अगं, डाल्वा गेलीच कशी?” त्या कुजबुजत ओरडत होत्या. मग जात्याची घरघर ऐकून पाटाशीच थबकल्या. त्या अंकाबद्दल पुढे पुष्कळ वाद झाले. डाल्वाने घर सोडलं असं काही जण म्हणाले, काहींनी ते बंड मानलं. मी पुण्याला असताना, नंतरही, कुणीकुणी विचारायचे, मूळ नाटकात तसं आहे का. मी म्हणायचे, नाही.

टाळ्या थांबेनात. आईने जातं थांबवलं नव्हतं. अंधारात तिचं तोंड दिसत नव्हतं, फक्त हाताची ओढ कळत होती.

“कवा निघायचं?” तिने विचारलं.

“सोमवारी.”

खुंटा माझ्याकडे आला, तिच्याकडे गेला.

“मग घास घाल की,” ती म्हणाली. “रिकामं फिरतंया. संगं न्यायाला पीठ लागंल.”

मी चाचपडत सुपात हात घातला.